कागद सगळे खरे होते

ज्यांनी आम्हाला गंडवलं, त्यांनी दाखवलेला एकही कागद खोटा नव्हता. म्हणूनच तर फसलो.

बाबांच्या पार्किन्सन्सचं ते नववं वर्ष. गोळीचा असर चार तासांवरून दोनावर आलेला. मूलपेशींनी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींनी, उपचार करणाऱ्या एका क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या काढून वाढवल्या, तिथपासून सुरुवात. मग एप्रिल २०२५ मधला 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाचा लेख: अशा मूलपेशींपासून डोपामिन (हालचाली ताब्यात ठेवणारं मेंदूतलं रसायन, पार्किन्सन्समध्ये तेच कमी पडतं) बनवणाऱ्या चेतापेशींची पूर्वरूपं तयार केली, ती पार्किन्सन्सच्या १२ रुग्णांच्या मेंदूत सोडली, दीड वर्ष लक्ष ठेवलं. घरी येऊन मी हे सगळं पडताळलं. संशोधन पडताळलं, क्लिनिक पडताळलंच नाही!

बाबांना तीन वेळा सलाईन लावलं. हाताच्या शिरेतून.

इथेच थांबायला हवं होतं. त्या १२ जणांच्या कवटीला छिद्र पाडून पेशी मेंदूच्या ठरावीक भागात सोडल्या होत्या, आणि परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून वर्षभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली होती. बाबांना व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या. शिरेतून दिलेल्या पेशी बहुतेक फुप्फुसातच अडकतात, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेरच्या बाकावर मणक्याला मार लागलेला एक तरुण होता, मधुमेहाच्या एक बाई होत्या, एक स्वमग्न मुलगा होता. सगळ्यांना तीच बाटली. 'ही पेशी शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते' हे बाईंचं पालुपद. वाक्य बरोबर आहे, पण धोकाही तोच आहे. पेशीला आधी प्रयोगशाळेत नेमकं वळण लावावं लागतं. कच्ची भ्रूणपेशी तशीच टोचली तर तिची गाठ होऊ शकते, आणि तसल्या गाठीत केस, दातसुद्धा सापडतात.

आमच्या नशिबाने बाटलीत भ्रूणपेशी नव्हत्याच. डिस्चार्जच्या कागदावर बारीक अक्षरात 'नाळेतील पेशी' असं होतं. नाळ जन्मानंतर मिळते. भ्रूणपेशी जेमतेम पाच दिवसांच्या भ्रूणातून घेतात. विचारलं तर बाई म्हणाल्या, "एकच असतं हो ते," आणि चौथ्या डोसची तारीख काढू लागल्या. चाचणीचा नोंदणी क्रमांकही त्यांनी दाखवला होता. तो खराच होता, पण नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. आमची सगळी शिल्लक त्यांनी पहिल्याच दिवशी भरून घेतली.

आणि तरीही पहिल्या सलाईननंतर बाबांचा हात दोन आठवडे खरोखर स्थिर होता. पार्किन्सन्समध्ये नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन स्रवतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. आम्हाला ते कुठे माहीत! बाबांनी क्लिनिकच्या अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहिल्या, खाली पूर्वीसारखी वळणदार सही केली.

तिसऱ्या सलाईनपर्यंत त्यांना बटणं लावता येईनाशी झाली. वही मागायला गेलो तर दिली नाही. बाकावरच्या नव्या कुटुंबासमोर तेव्हा ती उघडीच होती, बाबांच्या पानावर.