३३ वर्षं तिकिटं तपासली आणि इटलीत दंड भरला

मी मध्य रेल्वेत ३३ वर्षं टीसी होतो. बरीचशी कल्याणला, शेवटची काही दादरला. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोलोन्याहून फेराराला जाणाऱ्या गाडीत मला, बायकोला आणि बरोबरच्या बारा जणांना तिकीट तपासनीस बाईंनी रंगेहाथ पकडलं.

मुलगा मिलानला नोकरीला आहे. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे आलोय. शनिवार-रविवार तो लॅपटॉपला चिकटलेला, म्हणून त्याने आमची नावं एका सहलीत घातली: शुक्रवारी संध्याकाळी मिलानहून निघायचं, दोन रात्री बोलोन्यात, शनिवारी फेरारा, रविवारी राव्हेन्ना आणि परत. सगळं रेल्वेने. माणशी २८५ युरो, त्यात गाड्यांची तिकिटं, हॉटेल, नाश्ता आणि एक रात्रीचं जेवण. चौदा जणांत आमच्यासारखे मराठी आईबाप सात, दोन तमिळ जोडपी, बाकी विद्यार्थी. सहल काढणाऱ्याचं नाव देत नाही. पोरगा तरुण आहे, मार्गदर्शकही तोच, एकटाच सगळं बघतो. चुका भरपूर करतो, पण माणूस पळून जाणारा नाही.

शुक्रवारची गाडी जलद होती. डब्यातल्या पडद्यावर वेग ताशी ३०० च्या आसपास दिसत होता आणि हिच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. तासाभरात बोलोन्या. इथे पहिली सूचना: जलद गाड्यांचे फलाट जमिनीखाली फार खोल आहेत. सरकते जिने चढता चढता आपण बोरिवलीला उतरून ठाण्याला निघतोय की काय असं वाटतं. सामान कमी ठेवा. आमच्यातल्या एका काकूंनी दोन दिवसांसाठी चाकांची मोठी बॅग आणली होती आणि ती शेवटपर्यंत आम्ही पुरुषांनीच ओढली.

दुसरी सूचना फलाटांची. तिथे ‘चार’ म्हणजे चारच असं नाही. चार वेगळा, ‘चार ओवेस्त’ म्हणजे पश्चिमेचा चार वेगळा आणि पूर्वेकडचे ‘एस्त’ आणखी वेगळे. आकड्यापुढचा शब्द वाचला नाही तर गाडी दुसरीकडून सुटते आणि आपण रिकाम्या रुळांकडे बघत उभे. शनिवारी आमच्यातले दोन विद्यार्थी असेच हरवले. मार्गदर्शकाने आदल्या रात्री पाच मिनिटं समजावलं असतं तर ती पळापळ झाली नसती.

आणि पळापळ झाली नसती तर दंडही झाला नसता. एरवी म्हणे हा मोबाइलवर तिकिटं काढतो, पण त्या दिवशी ॲपने दगा दिला म्हणून यंत्रातून चौदा कागदी तिकिटं काढली. साध्या गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून चालत नाही, फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते. म्हणजे अगदी आपली लोकलची जुनी कूपनं! ‘साहेब, मशीन बंद होतं’, ‘साहेब, गाडी सुटत होती’, ‘साहेब, माहीतच नव्हतं’ ही तिन्ही वाक्यं मी हजारो वेळा ऐकली आहेत आणि एकदाही सोडलं नाही. त्या दिवशी हरवलेले दोघे सापडले, गाडी लागलेली होती, सगळे धावत चढलो. पंच कोण करणार?

तपासनीस बाई पन्नाशीच्या. माझं तिकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची. मी इतकी वर्षं त्या नजरेच्या मागच्या बाजूला होतो. मार्गदर्शक इटालियनमध्ये गयावया करत होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी पाकिटातून निवृत्त कर्मचाऱ्याचं रेल्वेचं ओळखपत्र काढून दाखवलं. बाईंनी ते नीट वाचलं, हसल्या, माझ्याशी हात मिळवला आणि माणशी पाच युरोप्रमाणे सत्तर युरोंची पावती केली. तिकिटांवर पेनाने वेळ लिहून दिली. ‘अहो, निदान तुम्ही तरी बघायचं होतं,’ ही म्हणाली. यावर काय बोलणार? सत्तर युरो मार्गदर्शकाने स्वतःच्या खिशातून भरले, एका शब्दाची हुज्जत न घालता. याचे गुण त्याला द्यायलाच हवेत.

फेरारा मात्र झकास. गावाभोवती नऊ किलोमीटरचा जुना तट आहे, वर झाडं लावलीत आणि लोक त्यावरून सायकलने हिंडतात. भाड्याच्या सायकली सहलीच्या पैशांतच होत्या. ऐंशीच्या आज्या पुढच्या टोपलीत भाजी टाकून आमच्या पुढून सुळकन निघून जात होत्या. मधोमध एस्ते घराण्याचा विटांचा किल्ला, १३८५ मध्ये बांधायला घेतलेला, चहूबाजूंनी पाण्याने भरलेला खंदक. आपल्याकडचे खंदक बहुतेक कोरडे झालेत, त्यामुळे पाणी भरलेला खंदक शहराच्या भर चौकात बघायला गंमत वाटली. जुन्या गल्ल्यांत मात्र नदीतले गोटे बसवलेत. गुडघे दुखत असतील तर तिथे सायकलवरून उतरा.

जेवणाबद्दल आता सविस्तर, कारण आमची ही शाकाहारी. शुक्रवारी रात्रीच्या सहलीतल्या जेवणात हिच्यापुढे तोर्तेलिनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, आल्या. ‘शाकाहारी’ असं फॉर्मवर दोन ठिकाणी लिहूनसुद्धा. त्या इवल्याशा घड्यांत डुकराचं मांस असतं. हिने चमचा उचलायच्या आधी एका विद्यार्थिनीने ओरडून थांबवलं म्हणून बरं. मग त्या मुलीनेच शिकवलं: लहान त्या तोर्तेलिनी, त्यात मांस, मोठे ते तोर्तेलोनी, त्यात बहुतेक वेळा रिकोता चीज आणि पालेभाजी, तरी विचारून घ्यायचं. तेव्हापासून ही प्रत्येक ताटलीकडे बघून ‘लिनी की लोनी?’ विचारायची. हॉटेलवाल्याने नंतर दिलेलं पर्यायी जेवण म्हणजे उकडलेला बटाटा आणि कोशिंबिरीची पानं. शिवाय बिलात बसायचे माणशी तीन युरो वेगळे, त्याला ‘कोपेर्तो’ म्हणतात. हे पैसे सहलीत धरलेले नव्हते, आणि ते आधी सांगितलंही नव्हतं.

फेरारात भरपाई झाली. तिथे ‘काप्पेलाच्ची’ म्हणून भोपळ्याचं सारण भरलेला प्रकार मिळतो, वर लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी झुडपाची पानं. मांसाच्या रश्शासोबतही देतात, तेव्हा लोणीवाला मागा. हिने पहिला घास घेतला आणि थांबली. ‘अहो, ह्यात जायफळ आहे.’ दुसरा घास. ‘पुरणासारखंच.’ नंतर दहा मिनिटं कोणाशी बोलली नाही. चीजमधल्या रेनेटचा, म्हणजे दूध फाडायला वापरतात त्या वासराच्या पोटातल्या द्रव्याचा, प्रश्न मी काढला नाही. ज्यांना तोही पाळायचा असेल त्यांनी पार्मेजानो टाळावं.

बोलोन्याबद्दल माहितीपत्रकात छापलंय, ‘असिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या चढा’. शेजारचा कललेला गारिसेंदा मनोरा धोक्याचा झाल्याने २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथला परिसर कुंपण घालून बंद आहे, त्यामुळे असिनेल्लीवर जाणंही बंद. जुनं पत्रक तसंच छापून द्यायचं ही आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांची सवय तिथेही आहे म्हणायची. त्याऐवजी कमानींखालून भटकलो. शहरभर मिळून ६२ किलोमीटर छपराखालचा फुटपाथ! वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खालची जागा सगळ्यांना चालायला मोकळी ठेवली. १२८८ च्या कायद्यात तर घोडेस्वार जाईल इतकी उंची ठेवायचा नियम होता. शनिवारी दुपारी धो धो पाऊस आला, छत्री बाहेर काढावी लागली नाही.

सहलीच्या कार्यक्रमात नसलेली एक गोष्ट सांगतो. बोलोन्या स्टेशनच्या दर्शनी भिंतीवरचं एक घड्याळ १०.२५ वर थांबलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० ला, शनिवारी सकाळी, दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात सुटकेसमध्ये ठेवलेला बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी. रुग्णवाहिका पुरल्या नाहीत म्हणून ३७ नंबरची सिटी बस वापरली, खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावून. शनिवारी मी पहाटेच उठून एकटा गेलो. प्रतीक्षालय आजही प्रतीक्षालयच आहे. लोक बसलेले, कोणी डुलक्या काढतंय, एक बाई मुलाला बिस्किट भरवतेय. भिंतीला पडलेली फट तशीच राखली आहे, शेजारी नावं कोरलेली आणि प्रत्येकापुढे वय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी घरी होतो, सीएसटीला ड्युटी दुसऱ्यांची होती. मी नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मार्गदर्शकाला नंतर विचारलं, हे का दाखवत नाहीस? म्हणाला, सुट्टीवर आलेल्या लोकांचा मूड जातो. मला पटलं नाही.

रविवारी राव्हेन्ना. एक-सव्वा तासाचा प्रवास, साध्या गाडीने, आरक्षण नाही, म्हणजे आपला जनरल डबा, पण बसायला जागा मिळते. गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीच्या नावाची समाधी बाहेरून बघाल तर विटांची ठेंगणी खोली, गोदाम म्हणाल. आत वाकून शिरलं की आधी काहीच दिसत नाही. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरचे पातळ दगड आहेत, त्यातून मधासारखा उजेड झिरपतो. मग हळूहळू डोक्यावर गडद निळं आकाश उमटतं आणि त्यात सोनेरी चांदण्या. पंधराशे वर्षांपूर्वीचे काचेचे तुकडे! आत थांबायला पाच मिनिटंच देतात, त्यातली दोन डोळे सरावण्यातच जातात. तेव्हा दारातच फोटो काढत बसू नका. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये तशाच तुकड्यांच्या भिंतीवरच्या चित्रात बायझंटाईन राणी थिओडोरा दागिन्यांनी मढून उभी आहे, तिथे हवा तितका वेळ मिळतो. पण आम्हाला गावात एकूण तीनच तास होते, त्यामुळे इटालियन कवी दान्तेच्या थडग्यासमोर अक्षरशः हजेरी लावून पळालो. राव्हेन्नाला एक मुक्काम हवा, फेराराला अर्धा दिवस पुरे.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या सत्तर युरोंचा.

पुढच्या महिन्यात तो व्हेरोना-मान्तोव्हा काढतोय. आम्ही दोन जागा घेतल्या आहेत. अट एकच घातली: कागदी तिकिटं असतील तर ती माझ्या ताब्यात राहतील आणि चौदाही मी पंच करीन. तो लगेच हो म्हणाला.