कलेतली संशोधनाची मास्टर्स : दोन वर्षांनंतरचा अनुभव, कलर प्रिंटच्या हिशेबासह

मे महिन्यातला सोमवार. लघुप्रबंधाच्या पाच प्रती, प्रत्येकी १६८ पानं, त्यांतली ५४ रंगीत. कलर प्रिंट १० रुपये पान, साधी २ रुपये, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग ३५० ला एक. एकूण ५,५९०. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बसमधून उतरले, टेकडी चढले, जिना चढले, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनानं खणातून फूटपट्टी काढली. डावा समास सव्वा इंच भरला. नियम दीड इंचाचा. "बाइंडिंगात अक्षरं जातात, मॅडम." एकही अक्षर गेलं नव्हतं. मी त्याच्यासमोर पान उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पट्टी परत खणात ठेवली.

म्हणजे पुन्हा ५,५९०. दोन्ही मिळून ११,१८०. दोन वर्षांत माझ्या विषयासाठी, म्हणजे देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांसाठी, चुना, वाळू, गूळ, हिरमजी (लाल मातीचा रंग) आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) लाद्या या सगळ्यावर मिळून माझे गेले होते ९,४०० रुपये. कामापेक्षा कामाची झेरॉक्स महाग पडली. हा अनुभव लिहायचाच, हे त्या जिन्यावरून उतरतानाच ठरवलं होतं.

प्रवेश, फी, पात्रता हे माहितीपत्रकात असतं, ते इथं लिहीत नाही. संस्थेचं नावही लिहीत नाही, कारण मूळ पदवी-प्रमाणपत्र अजून हातात पडायचं आहे. मी गोव्यात डिचोलीकडच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवते. बिनपगारी रजा काढून हा कोर्स केला, त्यामुळे पुढं पैशाचा उल्लेख जरा जास्त येईल. समजून घ्या.

विषय कावी. गोव्याबाहेरच्यांसाठी दोन ओळी: आपल्या कोकणपट्टीतल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्यावर लाल अशी जी वेलबुट्टी, देवादिकांची चित्रं दिसतात ती. मोरजीच्या मोरजाई देवळात बघता येतील. हे भिंतीवर ब्रशनं काढलेलं चित्र नव्हे. खाली पांढरा चुन्याचा गिलावा, त्यावर लाल थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी काट्यानं खरवडून आतला पांढरा वर आणायचा. इटलीत अशाच कामाला स्ग्राफितो म्हणतात. चुना शिंपल्या भाजून केलेला, त्यात धुतलेली वाळू आणि गूळ घालून पंधरवडाभर आंबत ठेवायचा, मग कुटून एकजीव करायचा. लाल म्हणजे हिरमजी. हा शब्द होर्मुझवरून आला म्हणतात.

आता पाचव्या महिन्यात वैतागून लिहून ठेवलेला मजकूर देते. एक अक्षर बदललेलं नाही.

"लिहायलाच लावायचं होतं तर चित्रकारांना घेता कशाला? १५,००० शब्द, तेही इंग्रजीत. गाइड मॅडमनी पहिल्याच आठवड्यात क्रिस्टोफर फ्रेलिंग नावाच्या गृहस्थांचा १९९३ चा निबंध हातात दिला. संशोधन तीन तऱ्हांचं : कलेविषयीचं, कलेसाठीचं आणि कलेतून केलेलं. 'तुझं तिसरं,' मॅडम म्हणाल्या. तिसरं म्हणजे काय, तर काम करायचंच, शिवाय ते करताना काय कळलं तेही लिहून काढायचं. बी.एफ.ए.ला चार वर्षं नुसतं काम केलं, तेव्हा काही कळलं नव्हतं असं यांचं म्हणणं आहे का? आणि ती रोजची वही. आज काय केलं, किती प्रमाणात, किती वाजता, हवा कशी होती. दूधवाल्याची वही बरी, तिच्यावरून निदान पैसे तरी वसूल होतात. मी महिनाअखेरीला बसून तीस दिवसांच्या नोंदी एकदम भरते, मधे मधे पेन बदलून. पाचांपैकी दोन तारे. दुसरा तारा फक्त वाचनालयाच्या सवयीसाठी."

त्या दुसऱ्या ताऱ्याबद्दल आजही तक्रार नाही. पणजीतल्या पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं. या कोर्समुळे मी तिथं पहिल्यांदा सलग बसायला शिकले. पंखा, उजेड, फुकट पाणी, आणि कुणी 'झालं का?' विचारत नाही. घरी हे चारही एकाच वेळी मिळत नाहीत.

बाकीच्या मताचं काय झालं ते आता सांगते.

वही खोटी भरतेय हे मॅडमना जानेवारीत कळलं. कळलं कसं, तर मी एका रविवारी 'ऊन कडक' असं लिहिलं होतं आणि त्या दिवशी दुपारभर अवकाळी पाऊस होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी ते पान उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि चहा मागवला. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथून पुढं मी रोज लिहू लागले, मनातून चरफडत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ लाद्या केल्या. एक फूट चौरस, दोन इंच जाड चिरा, वजन प्रत्येकी दहा किलोच्या आसपास. (शिल्पकलेचे विद्यार्थी हसतील. मी चित्रकार आहे, माझी कंबर अजून बोलते.) माझं बरंचसं शिक्षण खरं तर एका म्हाताऱ्या गवंड्याकडं झालं. त्यांनी आयुष्यभर देवळांची डागडुजी केली. मिश्रण तयार झालं की नाही हे ते वासावर सांगत. मी विचारायची, किती दिवस, किती किलोला किती गूळ. ते म्हणायचे, "बाय, चुन्याकडेन गडबड उपकारना." घाई चालत नाही, एवढंच. कोर्सच्या भाषेत हा डेटा म्हणून नोंदवायचा होता. मी नोंदवला.

गूळ मी घरातलाच न्यायची, माडाचा. आमच्याकडं गुळाला गोड म्हणतात. डबा तिसऱ्यांदा रिकामा दिसला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गोडाचो भाव खबर आसा मगो तुका?" त्यानंतर बाजारातला उसाचा आणला. नोंद वहीत आहे, तारीख आणि भावासकट.

मेअखेरीस आणखी पाच लाद्या केल्या. चौदा झाल्या. त्या सगळ्या पडवीत ओळीनं उभ्या करून मी समाधानानं फोटो काढले. मग जून लागला.

गोव्यातला जून माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. कपाटातल्या चपलांना जिथं बुरशी येते तिथं माझ्या लाद्यांची काय कथा? तिसऱ्या आठवड्यात पहिल्या लादीवर राखाडी ठिपके दिसले. पंधरा दिवसांत नऊ लाद्या गेल्या. मी गुळाला शिव्या घातल्या. साखर म्हटली की बुरशी आलीच, यात संशोधन काय करायचं? प्रकरणही त्याच दिशेनं लिहायला घेतलं : 'गुळाचे दुष्परिणाम'. माडाचा वाईट, उसाचा बरा, असा निष्कर्षही मनात तयार होता. सासूबाईंवर सूड उगवायची संधी होती.

वहीनं तो निष्कर्ष पाडला. बुरशी आलेल्या नऊ म्हणजे बरोब्बर फेब्रुवारी-मार्चच्या नऊ. त्यांतल्या चार माडाच्या गुळाच्या, पाच उसाच्या. मेमधल्या पाचही उसाच्या गुळाच्या, प्रमाण तेच, पडवी तीच, भिंत तीच, आणि एकीवरही ठिपका नाही. जुन्या, चांगल्या सुकलेल्या लाद्या खराब झाल्या आणि ओल्या, कालपरवाच्या लाद्या स्वच्छ राहिल्या. मी दोन दिवस त्या वहीकडं नुसती बघत बसले.

उत्तर शाळेच्या रसायनशास्त्रात होतं. ताजा चुना जहाल अल्कली असतो, हात सोलवटतात त्यानं (हातमोजे घाला, मी घातले नव्हते). त्यात बुरशी तग धरत नाही. पण चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगड होत जातो, आणि वरचा थर असा पक्का झाला की त्याचा तो जहालपणा उरत नाही. मग त्यावर ओलसर हवा आणि गुळाचा अंश मिळाला की बुरशीचं फावतं. माझ्या जुन्या लाद्या तीन-चार महिन्यांत तिथवर पोचल्या होत्या, नव्या अजून धगधगत होत्या. रोजच्या तारखा नसत्या तर मी गुळाच्या नावानं चाळीस पानं खरडून मोकळी झाले असते, आणि ती छान दिसली असती.

तर दुरुस्ती : वहीला पाच तारे. इंग्रजी लेखनाला अजून दोनच. गिलावा, कळीचा चुना, चुना विरवणे, घोटणे, गोटा फिरवणे : एकेका शब्दाला तिकडं दीड ओळ लागते, आणि तरी गवंड्याला जे म्हणायचं होतं ते त्यात येत नाही. मराठीत लिहू द्या असा अर्ज केला होता, त्याला उत्तर आलं नाही.

उचलेगिरी तपासणीबद्दल एवढंच : २०१८ च्या यूजीसीच्या नियमानुसार इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझं १७ आलं. रात्रभर झोप नाही. सकाळी अहवाल नीट पाहिला तर संदर्भसूची आणि ऋणनिर्देशसुद्धा मोजले होते. नियमात ते वगळायचे असतात. वगळल्यावर ६. तुमच्या वेळी अहवाल उघडून बघा, आकडा बघून रडू नका.

आता माझा खरा मुद्दा, लाल रंग.

दोन वर्षांची मेहनत ज्या रंगावर, तो कागदावर येतच नाही. पहिल्या दुकानात हिरमजी टोमॅटो झाली. दुसऱ्यात वीट. तिसऱ्या दुकानदाराला मी म्हटलं, थोडा काळा वाढवा. त्यानं वाढवला आणि मोरजाईच्या भिंतीवर काळोख पडला. छटा एकवेळ जमेलही, पण चकाकीचं काय करायचं? लोहाच्या मातीचा लाल चुन्यात बसतो तेव्हा तो उजेड पिऊन टाकतो. लेझर प्रिंटरचा टोनर पानावर प्लास्टिकसारखा चमकतो. या ५४ पानांसाठी मी पणजी, म्हापसा आणि फोंडा अशी तीन शहरांतली सात दुकानं पालथी घातली, बसभाडं वेगळं. नवऱ्याचं म्हणणं, "कोण बघणार आहे?" शोधगंगेवर (विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) जाऊन बघा म्हटलं. जुने प्रबंध स्कॅन करून चढवलेत, त्यांतल्या कित्येक चित्रांचे काळे डाग झालेत. लेखकानं खाली 'आकृती १२ : लाल रंगाची छटा पाहा' असं लिहिलेलं असतं आणि वर शाई सांडल्यासारखं काहीतरी. कोणीतरी कधीतरी बघतं, आणि ते बघणारी मी होते.

समासाच्या प्रकरणानंतर दुसऱ्यांदा छापायची वेळ आली तेव्हा मी प्रिंटरचा नाद सोडला. हातकागदाच्या जाड पानावर चुना आणि हिरमजीचा पातळ हात दिला, नदीतल्या गोट्यानं घोटला, दोन इंचांचे पाच चौकोन कापले आणि प्रत्येक प्रतीत पान ६१ वर, छापील फोटोच्या शेजारी, चिकटवले. खर्च जवळजवळ शून्य.

खिडकीवर तोच कारकून. समास मोजला, दीड इंच भरला. मग पान ६१ वर थांबला. "हे काय चिकटवलंय?" मी म्हटलं, रंग. "यादीत नाही." त्यानं हे मुद्दाम केलं असं मी आता म्हणत नाही, यादी हाच त्याचा धर्म आहे. मी तिथंच उभ्यानं पाचही प्रतींच्या अनुक्रमणिकेत पेनानं 'परिशिष्ट ड : नमुना' असं लिहिलं. त्यानं शिक्का मारला.

तोंडी परीक्षा जूनच्या शेवटी, धो धो पावसात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बुरशीच्या प्रकरणावर दोन प्रश्न विचारले, बरे गेले. मग प्रत उघडून त्या चौकोनावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं (रंग लागला नव्हता, मी घोटण्यात कसूर ठेवली नव्हती), आणि शेजारच्या छापील फोटोकडं बोट दाखवून म्हणाले, "मग हा फोटो कशाला ठेवलात?" मला उत्तर सुचलं नाही. ५४ पानं गुणिले १० रुपये गुणिले ५ प्रती गुणिले २ वेळा, ५,४०० रुपये. एवढंच डोक्यात आलं.

एम.फिल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बंद केल्यापासून पीएच.डी.च्या आधी संशोधनाचा हात बसवायला ही एक पायरी आहे, त्यामुळे पुढं जायचं असेल तर करा. नुसती बढती हवी असेल तर साधी एम.ए. स्वस्तात पडेल. नोकरी सोडून येऊ नका. जून ते सप्टेंबर चुन्याला हात लावायचा बेत आखू नका. वही पहिल्या दिवसापासून भरा, आणि पाऊस पडला असेल तर पाऊसच लिहा. एकूण चार तारे, एक समासाचा कापला.

ता. क. : पाचवी प्रत घरी आहे. सासूबाईंनी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून दाखवून पान ६१ पाशी खिळखिळी केली. बाइंडरकडं नेली तर म्हणाला, नवीन करायचं तर ३५०, नाहीतर कडेनं दोरा ओवून देतो, ४० द्या. त्यानं डाव्या बाजूला टोचा लावून पाहिला आणि खूश झाला. "समास बरा ठेवलात हो. बहुतेक लोक ठेवत नाहीत, मग अक्षरांतून दोरा जातो." मी ३० दिले.