ट्रॅकवरून जावे की रस्त्यावरून? पणजीच्या सायकलवाल्यांसाठी एक तुलना

सकाळी सहाच्या सुमारास पों पों करत पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, जातो तो मुख्य रस्त्यावरून. शेजारी सायकल ट्रॅक आहे, पण तो तिकडे ढुंकूनही बघत नाही. कारण साधे आहे. कॅरियरवर बांधलेली उंड्यांची (गोल पावांची) टोपली त्याच्या हँडलपेक्षा रुंद असते, आणि मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधून ती जात नाही. स्कूटर मात्र आरामात जाते!

माझ्या मेहुण्याने नुकतीच सायकल घेतली. राहायला पणजीच्या पूर्वेचे रायबंदर, नोकरी पणजीच्या पार दुसऱ्या टोकाला. ‘ट्रॅक आहे तिथे ट्रॅकवरूनच जाऊ ना?’ असे त्याने विचारले. मी नाही म्हटले, आणि मग का ते समजवावे लागले.

फुटपाथच्या उंचीवर बांधलेला पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक दिसायला सर्वांत सुरक्षित. गाड्या खाली, आपण वर. पण प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी तो खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. दर वीस पावलांवर ब्रेक, मग पुन्हा जोर लावा. ब्लॉकच्या तासलेल्या कडांमुळे सायकल सतत डुगडुगते, झाडांच्या मुळांनी ब्लॉक वर उचललेले असतात, आणि आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जूननंतर सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ ठरलेलेच. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच ट्रॅक किमान २ मीटर रुंद हवा आणि ओव्हरटेक करायचे असेल तर ३ मीटर, असे सांगून ठेवले होते. कागदावर ते २ मीटर असतातही. मग मधोमध विजेचा खांब येतो, पलीकडे ऑम्लेट-पावचा गाडा, झाडाखाली पायलटांच्या, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्यांच्या, मोटरसायकली.

हा सगळा त्रासच म्हणायचा. खरा धोका नाक्यावर आहे. पार्क केलेल्या गाड्यांच्या आडून जाणारा सायकलवाला चालकाला दिसतच नाही. चालक डावीकडे वळतो, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही ट्रॅकवरून सरळ त्याच्या समोर येता. ट्रॅक रस्त्याच्या एकाच बाजूला आणि दुहेरी असेल तर आणखी वाईट. गल्लीतून बाहेर पडणारा उजवीकडे बघून गाडी पुढे काढतो, तुम्ही डावीकडून येता. नेदरलँड्समध्ये अशा जागी ट्रॅक सपाट ठेवतात आणि चढ मोटारीच्या वाट्याला देतात. गल्लीत शिरायचे तर मोटारीला उंचवटा पार करावा लागतो, वेग आपोआप कमी होतो. आपल्याकडे चढउतार सायकलवाल्याच्या नशिबी. असा ट्रॅक असण्यापेक्षा नसलेला बरा, असे माझे मत आहे.

डांबरावर रंगवलेली पट्टी त्या मानाने बरी. रस्ता गुळगुळीत, आणि मागचा चालक तुम्हाला बघत असतो. पण गाड्या पट्टीवरच लावलेल्या असतील किंवा पट्टीला खेटून, तर गणित बदलते. मोटारीचे दार उघडले की जवळपास मीटरभर बाहेर येते आणि पट्टीची सगळी रुंदी त्यातच जाते. पर्यटकांच्या रेंट-अ-कारमधून रस्त्याच्या बाजूला बेधडक उतरणारी माणसे तुम्ही पाहिली असतीलच. गाड्या उभ्या असल्या तर मी पट्टीच्या उजव्या रेषेच्याही बाहेरून चालवतो. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे. हॉर्न मारतो म्हणजे त्याने आपल्याला पाहिले आहे. पावसात तो जाड रंग निसरडा होतो आणि गटाराची जाळी गजांची दिशा रस्त्याला समांतर ठेवून बसवलेली असेल तर बारीक टायर सरळ आत. टायर किमान ३५ मिलिमीटरचा घ्या, हे मेहुण्याला सायकल घेण्याआधीच सांगायला हवे होते.

आता ट्रॅक नाही, पट्टी नाही, असा रस्ता. पणजी-रायबंदर कॉजवे, म्हणजे पाणथळीतून काढलेला बांधावरचा रस्ता. पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, सुमारे ३ किलोमीटर लांब, अरुंद आणि जवळजवळ सपाट. एका अंगाला मांडवी नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि खारफुटी. त्यामुळे फाटके नाहीत, गल्ल्या नाहीत, कुणी डावीकडे वळत नाही. अपघाताचे निम्मे निमित्त तिथेच संपले. वर रायबंदरहून सकाळी पणजीकडे निघालात की ऊन पाठीवर, संध्याकाळी परततानाही पाठीवरच, म्हणजे मागून येणाऱ्याला तुम्ही लख्ख दिसता. समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्याच्या मात्र डोळ्यांवर ऊन असते, तेवढे सांभाळायचे. पावसाळ्यात वारा सायकल ढकलतो, तेव्हा हँडल घट्ट. जुन्या गोव्याला जायचे तर कदंब पठारावरून बायपासही आहे. तो रुंद आहे, पण चढ आणि गाड्यांचा वेग बघता मी तिथे सायकल घालणार नाही. नदीपलीकडच्या पर्वरीकडून येणाऱ्यांना मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे. त्यांनी जुना मांडवी पूल धरावा किंवा बेतीला उतरून फेरी घ्यावी.

तुमच्या वाटेवरचा ट्रॅक कसा आहे ते ठरवायला एखाद्या रविवारी तो चालत पाहा. शंभर मीटरमध्ये दोनदापेक्षा जास्त वेळा ब्रेक लावावा लागेल असे वाटले, तर रस्ता. सोबत आठ-नऊ वर्षांचे मूल असेल तर मात्र उलट. कितीही भिकार असला तरी वरचाच ट्रॅक, माणसाच्या चालीने, आणि प्रत्येक फाटकापाशी उतरून.

मेहुणा आता कॉजवेवरून येतो आणि शहरात शिरल्यावर लेनच्या मध्यातून चालवतो. पहिल्या आठवड्यात एका स्कूटरवाल्याने त्याला ओरडून विचारले, ‘ट्रॅक दिसत नाही का?’ दिसतो की. त्या दिवशी ट्रॅकवर पाण्याचा टँकर उभा होता.