स्पायरोमेसिफेन २२.९ एससी: तिसऱ्या दिवशी निकाल मागू नका

"तीन दिवस झाले, कोळी अजून चालतायत, औषध बोगस." स्ट्रॉबेरीवरच्या कोळ्यांवर (पानामागे बसून रस शोषणारी बारीक कीड) मारलेल्या या कोळीनाशकावरचा हा ठरलेला शेरा, आणि तो चुकीचा. हे औषध किडीच्या अंगात चरबी तयार होण्याची क्रिया अडवतं. अंडी आणि पिल्लं मरतात, मादीची अंडी घटतात. मोठे कोळी मात्र लगेच पडत नाहीत. म्हणून सातव्या ते दहाव्या दिवशी दहापट भिंगाखाली पिल्लंच मोजायची.

पिल्लं तेवढीच दिसली तरी आधी फवारणीवर शंका घ्या. औषध झाडात फिरत नाही, कोळी पानामागे, आणि स्ट्रॉबेरीचं पान गादीवाफ्याला टेकलेलं. जुनी पानं काढून, होलो कोन नोझल (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) खालून वर धरून पानाची मागची बाजू भिजवली नाही, तर दोष बाटलीचा नाही. जाळी दाट झाल्यावर तर थेंब आत पोचतच नाही.

हे सगळं नीट करूनही फरक नसेल, तर कोळ्यांत औषध सोसायची प्रतिकारशक्ती आलेली. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण कोळी साधारण आठवड्यात तयार होतो. कोल्हापुरात फेब्रुवारी सरता सरता पॉलिहाउसमध्ये हे रोजचंच. शिवाय फलन न झालेल्या अंड्यांतून नर निघतात. त्यांच्यात जनुकांचा एकच संच, त्यामुळे प्रतिकाराचा गुण झाकला जात नाही, निवड झपाट्यानं होते. शेजारी जरबेरा किंवा गुलाबाचं शेड असेल तर तिथली फवारणी सोसलेले कोळी आयतेच येतात.

इथंच दुकानातला 'बदल' फसवतो. किडीला एकाच पद्धतीनं मारणाऱ्या औषधांना एकच गट नंबर असतो. स्पायरोमेसिफेननंतर स्पायरोटेट्रामॅट घेतलं तर तोच २३ नंबरचा गट. फेनाझाक्विन आणि फेनपायरॉक्सिमेट आलटून पालटून मारणं म्हणजेही एकच २१ए. अबामेक्टिनचा गट ६, तो खरा बदल. बाटलीचं नाव सोडा, बारीक अक्षरातला घटक वाचा.

स्पायरोमेसिफेनची वांगी-मिरचीची मात्रा हेक्टरी ४०० मिली, ५०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाला १२ मिली. झाकणानं मोजू नका. बाटलीसोबतच्या पत्रकात स्ट्रॉबेरी नसेल तर तोडा चालू असताना ही मात्रा उचलून वापरू नये. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात आधी विचारावं.

आणि फुलकिड्यांसाठी मध्येच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं, तर कोळ्यांना खाणारे मित्रकोळीच आधी मरतात. मग कुठलीही बाटली आणा, महागच पडणार.