भजन चालू असताना चित्र काढावं, की काढलेलं समोर ठेवावं?

आमच्या चर्चच्या तरुणसंघाने हट्ट धरला की रविवारच्या भक्तीत गाणी चालू असताना चित्रकाराने मंडळीसमोर चित्र काढावं. पाळक विचारात पडले, आणि पंचमंडळात, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळात, दोन तट झाले. तुमच्याकडेही हा प्रश्न आला असेल, तर दोन्ही बाजू मांडते.

तयार चित्राची बाजू भक्कम आहे. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढत. त्यांची साडीतली मरिया पाहावी. चेहऱ्यावरची ती शांतता वीस मिनिटांच्या घाईत येत नाही. प्रभुभोजनाला किंवा मूक प्रार्थनेला असंच चित्र हवं. कुणाची हालचाल नाही, डोळे एका जागी ठरतात.

गाण्याबरोबर घडणाऱ्या चित्रात मिळतं ते वेगळंच. एका भजनसंध्येला मी पाहिलं: काळ्या कॅनव्हासवर आडवा पिवळा फटकारा आला, काय आहे ते कुणालाच कळेना. तिसऱ्या कडव्याला वरून उभी रेघ उतरली आणि क्रूस दिसला. पुढच्या बाकावरच्या आजींचा आवाज त्या क्षणी चढला. पण मागच्या चार बाकांवरचे लोक गायचं थांबवून नुसते बघत होते, हेही खरं. जिथे मुळात गाणं दबकं आहे, तिथे हा प्रकार करू नये असं माझं ठाम मत आहे.

संगीत कोणतं, यावर बरंचसं अवलंबून आहे. इंग्रजी चालीचं चार कडव्यांचं गीत चार मिनिटांत संपतं. ब्रश ओला होईपर्यंत ‘आमेन’. ना. वा. टिळकांची भजनं मात्र ध्रुवपद घोळवत, टाळ-तबल्यावर लय चढवत नेता येतात. आणि कीर्तन असेल तर फारच छान: पूर्वरंगात, म्हणजे निरूपणात, पार्श्वभूमी, उत्तररंगात, म्हणजे कथेत, आकृती, आख्यानाच्या ओघात चित्र आपोआप बसतं.

सामानाचं थोडक्यात. रंग ॲक्रिलिक घ्या, लवकर वाळतात. तैलरंग ओले राहतात आणि टर्पेंटाइनचा वास बंद सभागृहात डोक्यात जातो. कॅनव्हास निदान तीन बाय चार फूट, ब्रश रुंद आणि चपटे. चित्रकार उजव्या हाताचा असेल तर कॅनव्हासच्या डावीकडे उभा राहू दे, नाहीतर लोकांना त्याची पाठच दिसते. पाळक जिथून उपदेश करतात त्या वचनपीठाच्या आड काही येता कामा नये.

मला विचाराल तर दर रविवारी तयार चित्र, आणि उत्तम शुक्रवारची संध्याकाळ किंवा नाताळची भजनसंध्या एवढ्यापुरतं समोर काढलेलं. आदल्या दिवशी पेटीवाल्याबरोबर एक तालीम नक्की घ्या. त्यातूनही भजन संपलं आणि चित्र अर्धं राहिलं, तर ब्रश खाली ठेवायला सांगा. चित्रासाठी भजन ताणू नका.