कॅप्टन साहेबांची ओसरी

आईच्या फॅमिली पेन्शनसाठी, म्हणजे फौजी नवरा गेल्यावर बायकोला मिळणाऱ्या पेन्शनसाठी, चौदा महिने हेलपाटे घालून झाल्यावर आम्ही या ओसरीवर आलो. फौजींच्या बायकांचे पेन्शनचे अडलेले कागद इथं मार्गी लावतात. पहिल्याच आठवड्यात आलो असतो तर आईचं वर्षभराचं रडणं वाचलं असतं, म्हणून हे लिहितोय. आपल्या बेळगाव, खानापूर, चंदगड भागात भावकीत एक तरी फौजी नाही असं घर सापडणं अवघड. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा मागं टाकून पुढं आलं की फाट्यावर उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. जुनं कौलारू घर, पुढं लांब ओसरी, दोन बाकं, एक टेबल आणि भिंतीला लावून ठेवलेली काळी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात साहेबांचा नंबर आणि नाव अजून तसंच आहे. पाटी कधीच लावली नाही. गावात लहान पोरालाही ‘कॅप्टन साहेबांचं घर’ म्हणून विचारलं तर दारापर्यंत आणून सोडतं. गुरुवार आणि रविवार, सकाळी नऊ ते एक. पैसे घेत नाहीत. झेरॉक्स, नोटरी, स्टँप पेपर यांचा खर्च आपला आपण करायचा, एवढंच.

आमचं प्रकरण सांगतो, म्हणजे इथलं काम कसं चालतं ते कळेल.

वडील मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. १९७९ साली पेन्शनवर आले, पुढं शेती केली आणि २०१७ च्या पावसाळ्यात गेले. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. आईचं माहेरचं नाव गंगू, सासरचं लक्ष्मी. वडिलांनी पलटणीत बायकोचं नाव सांगितलं ते गंगूबाई, कारण घरात सगळे तिला गंगूच म्हणायचे. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडं मात्र लक्ष्मी. म्हणजे पीपीओवर, पेन्शन मंजूर झाल्याच्या सरकारी हुकमावर, वडिलांची बायको एक आणि पेन्शन मागायला दारात उभी राहिलेली बाई दुसरी. वडिलांचा मृत्यूचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत, पीपीओ इंग्रजीत, आणि ज्या बाईचा हा सगळा संसार तिला यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

बँकेच्या एका शाखेत आम्ही नऊ वेळा गेलो. प्रत्येक खेपेला नवा कागद मागायचे, पण अडचण नावाची आहे हे कुणी उलगडून सांगितलं नाही. मग एक एजंट भेटला. थकबाकीतले वीस टक्के द्या म्हणाला आणि एका कोऱ्या कागदावर आईचा अंगठाही घेऊन गेला. तो कागद परत मिळवायला मला उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली दोन दिवसांची हजेरी बुडवावी लागली. त्याच फाउंड्रीतल्या एका मित्रानं शेवटी या ओसरीचा पत्ता दिला.

ऑक्टोबर २०१८ मधला रविवार होता. मी पिशवीतले कागद काढायला लागलो तर साहेब म्हणाले, “राहू देत. आधी पाणी घ्या.” मग माझ्याकडं न बघता आईला विचारलं, “वहिनी, भाऊंचा नंबर आठवतोय?”

आईनं आर्मी नंबर घडाघडा सांगितला. मला माहीत नव्हतं तिला तो पाठ आहे. तरुणपणी वडिलांना पत्र धाडायचं तर शाळेतल्या मास्तरांना पत्ता तीच सांगायची, आणि पत्त्यात सगळ्यात आधी नंबर. चाळीस वर्षांनीही एक आकडा इकडचा तिकडं झाला नव्हता. साहेबांनी लाल कापडी बांधणीची मोठी वही उघडली, नवीन पानावर पहिल्या ओळीत तो नंबर लिहिला आणि म्हणाले, “नाव बदलतं वहिनी, नंबर बदलत नाही. हितनंच सुरू करू.”

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. एका बाईला एक पान. वर नवऱ्याचा नंबर, हुद्दा, पलटण. खाली रेकॉर्डमधलं बायकोचं नाव, शेजारी आधारवरचं नाव, दोन्ही जसंच्या तसं, एकेक अक्षर सुटं काढून. मग तिची जन्मतारीख आणि ती कुठल्या कागदावरून घेतली ते. मग पीपीओ नंबर, खातं. त्याखाली कुठल्या तारखेला कुठं अर्ज गेला, उत्तर काय आलं. शाई निळी; ज्या गोष्टीकडं पुढं लक्ष ठेवायचं ती तांबड्या पेन्सिलीनं. ही वही ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली साहेबांच्या जानव्याला असते असं बायका म्हणायच्या. आता ती सूनबाईंच्या कमरेला असते.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. अर्ज तयार झाल्यावर आईनं शाईच्या डबीकडं हात नेला. “मी अंगठा देतो की साहेब, कुठं लावू तेवढं सांगा.” साहेबांनी डबीचं झाकण लावलं. “वाचल्याबिगर नाही लावायचा.” आणि इंग्रजीतला तो अख्खा अर्ज त्यांनी ओळीओळीनं मराठीत सांगितला. प्रत्येक ओळीनंतर थांबायचे, आईनं “हां” म्हटल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. एका ठिकाणी आईनं अडवलं. लग्नाचं वर्ष चुकलं होतं. अर्ज फाडून पुन्हा टाइप केला. एजंटाच्या त्या कोऱ्या कागदानंतर हे पाहिलं आणि मला तिथंच भरून आलं.

काम कसं झालं ते थोडक्यात. गंगूबाई आणि लक्ष्मीबाई एकच, असं प्रतिज्ञापत्र; दोन वर्तमानपत्रांत जाहिरात; माहेरच्या गावच्या पंचांचा दाखला; सोबत वडिलांना फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक. सगळं रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोकरीचे कागद जिथं असतात तिथं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या बेळगावातच आहे, आणि आम्ही चौदा महिने दुसरीकडं दारं ठोठावत होतो. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला, आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ. सात महिने लागले. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी एकदम जमा झाली. आईनं पेढ्यांचा पुडा नेला. साहेबांनी एक पेढा घेतला आणि बाकीचे त्या दिवशी बाकावर बसलेल्या बायकांना वाटले.

वाचणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की जवान कुठल्या दलातला होता त्यावर रेकॉर्ड ऑफिस ठरतं, तो राहतो कुठं त्यावर नाही. तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलाचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. आपल्या भागात हा घोटाळा फार होतो. बाचीतली बाई कर्नाटकात, पलीकडं शिनोळीतली महाराष्ट्रात. एकीचं जिल्हा सैनिक कार्यालय बेळगावचं, दुसरीचं कोल्हापूरचं. एकीचे दाखले कन्नडात, दुसरीचे मराठीत. पण दोघींचे नवरे मराठा पलटणीतले असतील तर कागद शेवटी त्याच एका रेकॉर्ड ऑफिसात येतात. साहेबांच्या बाकावर दोघी शेजारी बसलेल्या मी पाहिल्यात. हुक्केरी, बैलहोंगलकडनं येणाऱ्या कन्नड बायकाही असायच्या. त्यांना “बर्री अक्का, कूड्री” (या अक्का, बसा) म्हणत तीच वही, तसंच पान, आणि अर्ज त्यांना कन्नडात वाचून दाखवायचा. भाषेवरून आपल्याकडं काय काय झालंय ते आपल्याला ठाऊक आहे. मीही सीमाभागातली मराठी माणसं एक नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीला जातो आणि जात राहीन. पण आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा द्यावा लागणं काय असतं, हे आपल्या इतकं कुणाला कळणार? ते साहेबांनी कन्नड बाईच्या बाबतीतही होऊ दिलं नाही, याचा मला अभिमान वाटतो.

साहेब स्वतः पलटणीत क्लार्क म्हणून लागलेले. वरवर चढत सुभेदार मेजर झाले आणि निवृत्तीच्या सुमाराला २६ जानेवारीच्या यादीत ऑनररी कॅप्टन. हे काम का करता, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “तरणा क्लार्क होतो तेव्हा पोरं लग्न करून सुट्टीवरनं यायची. बायकोचं नाव काय रे? तो सांगेल ते लिहायचं. कागदावर काय आहे, हे मी कधी विचारलं नाही. तवा एक वाक्य जास्त विचारलं असतं तर आज ह्या बायका फिरल्या नसत्या. काही पानांवर माझंच अक्षर सापडतंय मला.”

म्हणूनच त्यांचा खरा आग्रह जिवंत माणसांसाठी असायचा. रविवारी दुपारनंतर स्कूटर काढून गावोगाव जायचे, पेन्शनर मंडळींना कट्ट्यावर गाठायचे आणि सांगायचे, “आज घरी जाऊन पीपीओ काढ, बायकोचं नाव बघ, तिची जन्मतारीख आहे का बघ.” नवरा हयात असताना नाव दुरुस्त करणं सोपं, त्याची सही असते. तो गेल्यावर तेच काम बाईला सिद्ध करत बसावं लागतं. लोक टाळायचे. मरणाची भाषा नको, म्हणायचे. साहेब परत जायचे. सकाळी भरतीच्या पोरांना मैदानावर पळवायचे तेही खरं. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत आणणारी बरीच पोरं त्यांच्या हाताखालची. गावात त्यांचं नाव जास्त त्यासाठी घेतलं जातं. मला विचाराल तर पेन्शनरच्या कट्ट्यावर चारदा अपमान गिळून पाचव्यांदा जाणं हे मोठं काम होतं.

२०२३ मध्ये साहेब गेले. त्यानंतर ओसरी बंद होईल असंच सगळ्यांना वाटलं. तेराव्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी सूनबाईंनी टेबल बाहेर काढलं. आता त्या आणि दोन निवृत्त हवालदार मिळून चालवतात. खरं सांगायचं तर सगळं पूर्वीसारखं नाही. इंग्रजी पत्रव्यवहाराला आता वेळ लागतो. साहेब एका बैठकीत लिहायचे ते दोन आठवड्यांवर जातं. अपंगत्व पेन्शनची कोर्टात गेलेली प्रकरणं घेत नाहीत, वकिलाकडं जा म्हणून स्पष्ट सांगतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी इतकी गर्दी होते की म्हाताऱ्या बायकांना अंगणात जमिनीवर बसावं लागतं. त्या महिन्यात जाणार असाल तर सोबत सतरंजी न्या आणि आठच्या आधी पोहोचा.

पण काही गोष्टी सुधारल्यासुद्धा. पेन्शन ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर गेल्यापासून निम्मं काम मोबाइलवर आलं, आणि त्यात सूनबाईंचा हात बसलाय. पूर्वी हयातीच्या दाखल्याला बोटाचा ठसा लागायचा. जन्मभर भात लावलेल्या, शेणी थापलेल्या बोटांवर रेषा कुठल्या राहणार? मशीन लाल दिवा दाखवायचं आणि बाई ओशाळून हात पदराला पुसत राहायची. आता चेहऱ्यावरून होतं. सूनबाई आईला उजेडाच्या बाजूला बसवतात, कपाळावरचा पदर जरा मागं सारतात, “काकू, डोळं मिटा, आता उघडा” म्हणतात आणि दाखला तयार. त्याआधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवतात. तो नेम मोडलेला नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, मला सूनबाईंचा फोन आला. आईला घेऊन या म्हणाल्या. मी घाबरलो, पुन्हा काही अडलं वाटलं. गेल्यावर त्यांनी वही उघडून आमचं पान काढलं. तळाशी तांबड्या पेन्सिलीत साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: जून २०२५, ८० पूर्ण, २० टक्के वाढ बघणे.

ऐंशी पूर्ण झाल्यावर फॅमिली पेन्शनच्या मूळ रकमेत २० टक्के वाढ होते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०. नऊ हजार ही किमान रक्कम धरली तरी महिन्याला १,८०० रुपये, वर त्यावरचा महागाई भत्ता. पण रेकॉर्डला बाईची जन्मतारीखच नसेल तर ती ऐंशीची झाली हे त्यांना कळणार कसं? कितीतरी बायका नव्वदीत जातात आणि ही वाढ त्यांना ठाऊकही नसते. आईची जन्मतारीख साहेबांनी २०१८ मध्येच नावाच्या दुरुस्तीबरोबर लावून घेतली होती आणि पुढचं वर्ष-महिना मोजून लिहून ठेवला होता. सूनबाईंनी ‘स्पर्श’ वर तारीख जुळते का ते तपासलं. जुळत होती. जूनच्या पेन्शनमध्ये वाढ आली.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा नोव्हेंबरच्या गर्दीसाठी कापलाय, दोन बाकं आणखी मिळाली तर तोही देईन. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांची आधार कार्डं आणि पासबुक न्या. आणि फौजी हयात असेल तर त्यालाच घेऊन जा.

वाढ जमा झाल्यावर आई पुन्हा ओसरीवर आली. पेढे सूनबाईंच्या हातात दिले आणि म्हणाली, “ते पान काढ बघू.” सूनबाईंनी ट्रंक उघडली, वही टेबलावर ठेवली. आई बाकावर नीट बसली, पदर सारखा केला.

“वाच आता. पहिल्यापासनं.”

सूनबाईंनी नंबरापासून वाचायला सुरुवात केली.