रोल केजचे पाईप वाकवून घ्यायचेत? मग उद्यमनगरातल्या मामांकडं जावा

गेलं दीड वर्ष घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मारुती जिप्सी किंगची ऑफरोड रेस गाडी बनवतोय. सोळा व्हॉल्व्हवालं १२९८ सीसीचं इंजिन, पुढं मागं दोन्हीकडं पाटे (लीफ स्प्रिंग), खाली लॅडर चासी, म्हणजे घरच्या घरी खोलून परत बांधता येते अशी शेवटची गाडी म्हणा ना. कटिंग, ग्राइंडिंग, सीओटू वेल्डिंग सगळं शेडमध्येच होतं पण रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पिंजऱ्याचे, पाईप वाकवणं घरी होत नाही आणि तिथंच माझे चार महिने गेले.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिलं होतं. मेन हूपला, म्हणजे सीटांमागच्या मुख्य कमानीला, ४५ एमएमचा अडीच एमएम जाडीचा सीमलेस (बिनजोडाचा) पाईप आणला होता, एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत अपेंडिक्स जे मध्ये कलम २५३ ला कमीत कमी हाच साईज आहे नाहीतर मग ५० बाय २. त्यांनी तो प्लंबिंगच्या हायड्रॉलिक बेंडरवर घातला. आता त्या बेंडरच्या डाय (साचे) असतात इंची पाईपच्या, सव्वा इंची म्हणजे बाहेरून ४२.४ आणि दीड इंची म्हणजे ४८.३, त्यात ४५ चा पाईप बसणार कसा? दीडच्या डायमध्ये घालून दाबला आणि कोपऱ्यावर पाईप चपटा झाला, व्हर्निअर लावला तर एकीकडनं ३९ आणि दुसरीकडनं ४८. नियमात लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली चालत नाही, इथं ०.८१ येत होतं. मेन हूप एकाच अखंड पाईपचा लागतो, मधे जोड चालत नाही, त्यामुळं अख्खा पाईप भंगारात. पैशापेक्षा त्रास याचा झाला की देताना त्यांनी "काय होत नाही, रंग मारला की दिसत नाही" म्हणून सांगितलं. अहो गाडी उलटल्यावर त्या कोपऱ्याखाली माझं आणि नेव्हिगेटरचं डोकं असणार आहे.

मग एका लेथवाल्यानं कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या मामांकडं पाठवलं. एक शटर, बोर्ड नाही, आत एक मँड्रेल बेंडिंगचं (पाईपच्या आत दांडा घालून वाकवायचं) मशीन आणि दोन पोरं. मामांनी आधी माझं ड्रॉइंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले "फर्मा आणलायस का?" फर्मा म्हणजे आकाराचा नमुना, तो नव्हता. ६ एमएमची सळी हातात दिली, म्हणाले गाडीत बसवून छताला चिकटून वाकव आणि मग ये. ते केलं म्हणून कळलं की माझ्या ड्रॉइंगमध्ये डाव्या बाजूला २२ एमएमचा फरक होता, जुन्या गाडीची बॉडी एका अंगाला बसलेली असते ते कागदावर कुठनं दिसणार.

दुसऱ्या दिवशी समोर उभा राहून बघितलं. पाईपच्या आत तेल लावून मँड्रेल सरकवला, बाहेरनं खडूनं बाण काढले, स्प्रिंगबॅकसाठी, म्हणजे सोडल्यावर पाईप थोडा उलगडतो म्हणून, दोन अंश जास्त वाकवला आणि मशीन इतकं सावकाश चालवलं की पाईपवरनं तेलाचा एक थेंब ओघळत खाली येईपर्यंत एक बेंड. बेंडचा सेंटरलाइनचा (पाईपच्या मध्यरेषेचा) रेडियस पाईपच्या व्यासाच्या तिप्पट तरी पाहिजे म्हणजे १३५, त्यांच्याकडं १५० ची डाय आहे. प्रत्येक बेंड झाला की मामा स्वतः व्हर्निअर लावून खडूनं पाईपवरच आकडा लिहितात, माझ्या चारही बेंडवर ४३.५ ते ४६ च्या आतच आलं, म्हणजे ०.९४ च्या वर. ते खडूचे आकडे मी अजून पुसले नाहीत.

बेंडमागं अडीचशे घेतले. बाहेर जास्त सांगतात का कमी ते बघू नका, पाईप वाया जात नाही हे बघा. पाईप मात्र स्वतःचा न्यावा लागतो आणि ईआरडब्ल्यू (पत्रा गुंडाळून वेल्ड केलेला) नेला तर केजसाठी हात लावत नाहीत, सरळ परत पाठवतात. हे मला फार आवडलं. जाता जाता केजच्या पायांखाली फ्लोअरवर वेल्ड करायच्या ३ एमएमच्या प्लेटी पण १२ बाय १० सेंटिमीटरमध्ये कापून दिल्या, १२० चौरस सेंटिमीटर लागतात हे त्यांना पाठ आहे.

कमी काय, तर वेळ. शनिवार सांगितलेलं काम बुधवारी मिळालं, फोन उचलत नाहीत. आणि फिशमाउथ कटिंग (पाईपवर पाईप बसावा म्हणून टोकाला गोल खाच) करून देत नाहीत, ते मी घरी ग्राइंडरनं घासून घासून बसवतोय, एका जोडाला पाऊण तास जातो.

पाचपैकी साडेचार. सकाळी दहाच्या आत जावा कारण दुपारनंतर मशीनवर सायलेन्सरचं काम लागतं, आणि सळीचा फर्मा घेऊनच जावा. माझे मागचे दोन स्टे (मेन हूपला मागनं टेकू देणारे पाईप) राहिलेत, ४० बाय २ चे, सोमवारी परत तिथंच निघालोय.